अनियमित कालश्रेणीतली दीर्घस्मृती आणि वेव्हलेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोंदी समान अंतराने घेतलेल्या नसतील तर त्यांतून हर्स्टचा एच, म्हणजे श्रेणीत दीर्घस्मृती किती आहे ते सांगणारा आकडा, कसा काढायचा, याबद्दल संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून आणि भूगर्भशास्त्र, जलविज्ञान, हवामान या विषयांतल्या सहकाऱ्यांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरे इथे एका जागी लिहून ठेवली आहेत. घाईत असाल तर मोकळ्या जागा भरण्याबद्दलचा प्रश्न तेवढा आधी वाचा. माझ्यासमोर येणारे बहुतेक बिघडलेले निकाल तिथेच बिघडलेले असतात.

दीर्घस्मृती म्हणजे नेमके काय?

आजच्या नोंदीचा उद्याच्या नोंदीशी संबंध असणे म्हणजे दीर्घस्मृती नव्हे. तसा संबंध बहुतेक सगळ्याच कालश्रेणींत असतो. तो संबंध किती हळू विरतो, हा खरा मुद्दा आहे.

दोन श्रेणी शेजारी ठेवून पाहू. पहिली साधी ऑटोरिग्रेसिव्ह, म्हणजे प्रत्येक नोंद मागच्या नोंदीच्या ठरावीक पटीत नवा गोंगाट मिसळून बनलेली, सहगुणक ०.५. दुसरी फ्रॅक्शनल गॉसियन नॉइज, म्हणजे दीर्घस्मृतीचे नेहमीचे गणिती प्रतिरूप, एच ०.८. शेजारच्या दोन नोंदींतला सहसंबंध पहिलीत ०.५ आणि दुसरीत ०.५२, म्हणजे जवळून पाहिले तर दोघी सख्ख्या बहिणी. आता दहा पावले दूर जा. पहिलीत उरतो ०.००१, दुसरीत ०.१९. शंभर पावलांवर पहिलीत काहीच शिल्लक नाही, दुसरीत अजून ०.०८ आहे. तो इतका हळू विरतो की सगळ्या अंतरांवरच्या सहसंबंधांची बेरीज सान्त राहतच नाही. हीच दीर्घस्मृती.

याचा फटका सरासरीला बसतो. शंभर स्वतंत्र नोंदींच्या सरासरीचे प्रचरण (व्हेरियन्स) एका नोंदीच्या शंभराव्या भागाइतके असते. एच ०.८ असेल, तर शंभर नोंदी जेमतेम सहा स्वतंत्र नोंदींच्या तोलाच्या ठरतात, एच ०.९ असेल तर अडीच. नेहमीच्या सूत्राने काढलेला अनिश्चिततेचा पट्टा तेव्हा फसव्या आत्मविश्वासाने अरुंद दिसतो. एच काढण्याची खटपट करायची ती यासाठी.

हा एच आला कुठून?

नाईल नदीतून. हॅरल्ड एडविन हर्स्ट १९०६ साली इजिप्तमध्ये कामाला गेले आणि पुढची कित्येक दशके त्यांनी त्या नदीला वाहिली. तिथे त्यांना 'अबू निल', म्हणजे नाईलचा बाप, असेच म्हणत. धरण किती मोठे बांधले म्हणजे वाईट वर्षांतही सरासरीइतके पाणी सोडता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. वर्षे एकमेकांपासून स्वतंत्र असती, तर लागणारा साठा वर्षांच्या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे वाढला असता. हर्स्ट यांनी नद्या, पाऊस, झाडांची वलये, तळ्यांतल्या गाळाचे थर अशा अनेक नोंदी तपासल्या, तेव्हा घातांक ०.५ न येता सरासरीने ०.७३ च्या आसपास आला. त्यांचा हा निबंध १९५१ चा. कोरडी वर्षे कोरड्या वर्षांना धरून येतात आणि साठ्याचा हिशेब वाढतच जातो. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण ज्यांच्या तोंडी आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १९६८ मध्ये मँडेलब्रो आणि व्हॅन नेस यांनी या निरीक्षणाला फ्रॅक्शनल ब्राउनियन गतीचा गणिती पाया दिला.

कैरोजवळच्या रोडा बेटावरच्या नायलोमीटरची (नदीची पातळी मोजण्याच्या बांधकामाची), नदीच्या वार्षिक नीचांकी पातळीची श्रेणी या विषयात सगळ्यांनी वापरलेली आहे. ती इसवी सन ६२२ ते १२८४ एवढीच घेतात, म्हणजे ६६३ वर्षे. का? कारण त्यानंतरच्या नोंदींत खंड फार आहेत. ज्या नोंदींवर हा विषय उभा राहिला, त्यांचाच पुढचा भाग केवळ अनियमित म्हणून बाजूला पडला. माझ्या मते अनियमित श्रेणींसाठी वेगळी पद्धत का हवी, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

एच, डी, गॅमा: कोणता आकडा द्यायचा?

तिन्ही एकच गोष्ट सांगतात. स्थिर श्रेणीचा (जिची सरासरी आणि प्रचरण काळानुसार बदलत नाही तिचा) वर्णपट, म्हणजे प्रत्येक वारंवारतेच्या वाट्याचे प्रचरण, कमी वारंवारतेकडे ज्या घाताने वर चढतो तो गॅमा. गॅमा म्हणजे २एच − १. फ्रॅक्शनल डिफरन्सिंगचा डी म्हणजे एच − ०.५. एच ०.५ असेल तर दीर्घस्मृती नाही, ०.५ ते १ असेल तर आहे. कोणताही द्या, पण कोणता दिला ते लिहा. दोन निबंधांतले आकडे जुळत नाहीत अशी तक्रार घेऊन आलेल्यांपैकी काहींच्या हातात प्रत्यक्षात एकीकडे एच आणि दुसरीकडे गॅमा असतो.

यासाठी वेव्हलेटच का? हर्स्ट यांची मूळ रीत का नको?

मूळ रीतीला, म्हणजे रीस्केल्ड रेंजला, अल्पस्मृतीही (लवकर विरणारा संबंध) दीर्घस्मृतीसारखी दिसते आणि संथ कलाने ती सहज फसते. वेव्हलेट म्हणजे श्रेणीतला बदल वेगवेगळ्या कालमापांवर मोजणारी छोटी लाट. प्रत्येक कालमाप म्हणजे एक पातळी, आणि त्या मापावर एकेका जागी मिळालेला आकडा म्हणजे सहगुणक. वेव्हलेटच्या बाजूने दोन भक्कम कारणे आहेत.

पहिले कारण असे की मूळ नोंदी एकमेकींत कितीही गुंतलेल्या असल्या, तरी वेव्हलेटचे सहगुणक एकमेकांपासून जवळजवळ सुटे होतात. त्यामुळे प्रत्येक पातळीवर सहगुणकांच्या वर्गांची साधी सरासरी काढली तरी चालते. या सरासरीला ऊर्जा म्हणू. दीर्घस्मृती असेल तर पातळी एकने वाढली की ऊर्जा ठरावीक पटीने वाढते. ऊर्जेचा दोनच्या पायाचा लॉग पातळीसमोर मांडला की सरळ रेषा मिळते आणि तिचा चढ म्हणजेच गॅमा. दुसरे कारण व्हॅनिशिंग मोमेंट्सचे. वेव्हलेटला असे दोन मोमेंट असतील तर सरळ रेषेतला कल आपोआप गळून पडतो, तीन असतील तर वर्गाचा वक्रही.

पॅट्रिस आब्री आणि डॅरिल व्हीच यांनी १९९८ मध्ये इंटरनेटच्या वाहतुकीसाठी ही रीत बसवून दिली आणि ती आजही पहिली पसंती आहे. अडचण एकच: तिला नोंदी समान अंतराने लागतात.

अनियमित म्हणजे नक्की कोणत्या प्रकारची अनियमितता?

तीन प्रकार वेगळे ओळखा. मोजायचे होते रोज, पण मधले काही दिवस गेले. मोजायचे होते दर महिन्याला, पण कधी तीन तारखेला मोजले, कधी एकोणीसला. आणि तिसरा प्रकार, जिथे अंतर आपल्या हातातच नसते. बर्फाच्या गाभ्यात खोली समान असते, काळ नसतो. अंटार्क्टिकातल्या डोम सी इथला ईपिका या युरोपीय प्रकल्पाचा गाभा सुमारे ८ लाख वर्षांचा आहे. त्यातले ड्युटेरियम (जड हायड्रोजन) ५५ सेंटिमीटरच्या तुकड्यांत मोजले गेले. वरच्या थरांत असा एक तुकडा दहा-वीस वर्षांचा असतो. तळाशी बर्फ दाबाने पातळ होत गेलेला असल्यामुळे तेवढाच तुकडा शेकडो वर्षे व्यापतो. पहिल्या प्रकारात खंड अगदी थोडे असतील तर फार काळजी करू नका. हे पान मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारासाठी आहे.

मोकळ्या जागा सरळ रेषेने भरून घेतल्या आणि मग नेहमीची रीत लावली, तर बिघडते कुठे?

हे मी वर्गात फळ्यावर करून दाखवते. कागद-पेन्सिल घेऊन तुम्हीही करा, दहा मिनिटांचे काम आहे.

शुद्ध व्हाइट नॉइज घ्या. प्रचरण १, एका नोंदीचा दुसरीशी काही संबंध नाही. म्हणजे एच नेमका ०.५, स्मृती शून्य. आता एकाआड एक नोंद हरवली असे समजा आणि प्रत्येक मोकळ्या जागी शेजारच्या दोन नोंदींची सरासरी भरा. भरलेल्या नोंदीचे प्रचरण १ च्या जागी ०.५ झाले आणि तिचा शेजारणीशी सहसंबंध झाला ०.७१. जिथे काहीच नाते नव्हते, तिथे आपणच नाते जोडले.

आता सर्वांत साधा वेव्हलेट, हार, लावा. पहिल्या पातळीवर लगतच्या दोन नोंदींची वजाबाकी, भागिले दोनचे वर्गमूळ. एक नोंद खरी आणि दुसरी तिची व पुढच्या खऱ्या नोंदीची सरासरी, त्यामुळे वजाबाकीत उरतो दोन खऱ्या नोंदींच्या फरकाचा अर्धा. ऊर्जा येते ०.२५. खऱ्या व्हाइट नॉइजमध्ये ती १ यायला हवी होती. दुसऱ्या पातळीवर दोन-दोन नोंदींचे गट करा, ऊर्जा ०.८७५. तिसऱ्या पातळीवर १.४४, चौथ्या पातळीवर १.७२, आणि त्यापुढे ती हळूहळू २ कडे सरकते.

या चार आकड्यांचे दोनच्या पायाचे लॉग असे: −२, −०.१९, ०.५२, ०.७८. त्यांतून साध्या लघुतम वर्गाने रेषा काढा. चढ ०.९१ येतो. एच म्हणजे चढ अधिक एक, भागिले दोन: ०.९५.

ज्या श्रेणीला काडीचीही स्मृती नव्हती, तिच्यात आपण जवळजवळ जास्तीत जास्त शक्य तेवढी स्मृती शोधून काढली. हा नमुन्यातला योगायोग नाही, संगणकाची चूक नाही. आकडे नेमके आहेत आणि नोंदी लाखो असल्या तरी हेच येतील. मोठ्या पातळ्यांवर रेषा सपाट होते हे खरे, पण ते दिसायला त्या पातळ्यांवर पुरेसे सहगुणक हवेत, आणि अनियमित श्रेणी बहुधा तेवढ्या लांब नसतात. शिवाय वजने लावलेल्या रिग्रेशनमध्ये सर्वांत जास्त वजन बारीक पातळ्यांना मिळते, म्हणजे नेमक्या बिघडलेल्या पातळ्यांना. म्हणून जागा भरून एच काढलेला दिसला की मी आधी विचारते, किती जागा भरल्या?

सरळ रेषेऐवजी स्प्लाइन वापरला तर? किंवा मागचीच नोंद पुढे ओढली तर?

स्प्लाइन, म्हणजे नोंदींतून जाणारा वक्र, तर जास्तच गुळगुळीत असतो, त्यामुळे बारीक पातळ्यांवरची ऊर्जा गिळण्याचा दोष त्यातही आहे. मागची नोंद पुढे ओढण्याचे सांगायचे तर, प्रत्येक नोंद दोनदा लिहिली की हारच्या पहिल्या पातळीवरचा प्रत्येक सहगुणक शून्य होतो. शून्याचा लॉग घेता येत नाही. काही सॉफ्टवेअर अशी पातळी गुपचूप वगळून पुढे जातात आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

लॉम्ब आणि स्कार्गल यांचा पिरिओडोग्राम अनियमित नोंदींसाठीच आहे ना?

आहे, आणि आवर्तने शोधायला तो उत्तम आहे. एखाद्या ताऱ्याची चमक किती दिवसांनी कमीजास्त होते हे त्याने छान सापडते. पण वर्णपटाच्या चढासाठी तो तितका भरवशाचा नाही. अनियमित अंतरांमुळे एका वारंवारतेची ऊर्जा दुसरीकडे सांडते आणि चढ बदलतो.

मग लिफ्टिंग काय वेगळे करते?

लिफ्टिंगची कल्पना विम स्वेल्डेन्स यांची, १९९० च्या दशकाच्या मध्यातली. पुढे मार्टेन यान्सेन, गाय नेसन आणि बर्नार्ड सिल्व्हरमन यांनी एका वेळी एकच नोंद उचलणारे रूप तयार केले आणि त्यावर मारिना नाइट, नेसन आणि मॅथ्यू न्युन्स यांनी २०१७ मध्ये एच काढण्याची रीत बसवली. या रीतीत जागा भरायच्या नसतात. नोंदी जिथे आहेत तिथेच राहतात आणि वेव्हलेटच त्यांच्या अंतरांप्रमाणे आकार घेतो.

एक पायरी हाताने करू. नोंदी १, ३, ४, ९ आणि १२ या दिवशी घेतल्या; मूल्ये अनुक्रमे ६, ७, ९, ५, ८.

आधी प्रत्येक नोंदीच्या वाट्याला किती काळ येतो ते ठरवा: डाव्या अंतराचा अर्धा अधिक उजव्या अंतराचा अर्धा. तिसऱ्या दिवसाला १.५, चौथ्याला ३, नवव्याला ४. टोकांना एकच शेजारी असतो, म्हणून तिथे त्या बाजूचे पूर्ण अंतर घेऊ: पहिल्या दिवसाला २, बाराव्याला ३. सर्वांत लहान वाटा तिसऱ्या दिवसाचा, म्हणून पहिली उचल त्याची.

शेजारी आहेत पहिला आणि चौथा दिवस. त्यांना जोडणारी रेषा तिसऱ्या दिवशी किती सांगते? सहाचा एक तृतीयांश आणि नवाचे दोन तृतीयांश, म्हणजे ८. प्रत्यक्ष नोंद ७. फरक −१. हा फरक म्हणजेच आपला सहगुणक, आणि त्याचे स्केल म्हणजे उचललेल्या नोंदीचा वाटा, १.५ दिवस.

गेलेल्या नोंदीचा वाटा आता शेजाऱ्यांत त्याच प्रमाणात वाटायचा. पहिल्याला ०.५ मिळून २.५, चौथ्याला १ मिळून ४. शेवटी शेजाऱ्यांची मूल्ये जराशी हलवायची, अशा रीतीने की वाटा गुणिले मूल्य यांची बेरीज होती तेवढीच राहावी. पहिला दिवस ६ वरून ५.८३ वर येतो, चौथा ९ वरून ८.७३ वर. पडताळून पाहा: आधी १२ + १०.५ + २७ म्हणजे ४९.५ होते, आता २.५ गुणिले ५.८३ आणि ४ गुणिले ८.७३ मिळूनही तेवढेच भरतात. राहिलेल्या चार नोंदींवर पुन्हा हेच. शेवटी दोन नोंदी उरेपर्यंत.

भाकीत इथेही सरळ रेषेनेच केले, मग जागा भरण्यापेक्षा हे निराळे कसे, असे कोणीतरी विचारतेच, आणि प्रश्न रास्त आहे. जागा भरताना रेषेवरचे भाकीत आपण खरी नोंद म्हणून मोजतो. इथे भाकीत आणि खरी नोंद यांच्यातला फरक मोजतो. नसलेला एकही आकडा हिशेबात शिरत नाही.

सहगुणक एकसारखे करून घ्यावे लागतात का?

हो, आणि ही पायरी विसरू नका. वरच्या उदाहरणात नोंदी व्हाइट नॉइज असत्या, तर फरकाचे प्रचरण १ अधिक एकनवमांश अधिक चारनवमांश, म्हणजे १.५६ झाले असते. शेजारी अगदी समान अंतरावर असते तर १.५. एक शेजारी चिकटून आणि दुसरा दूर, वजने ०.९ आणि ०.१, असे असते तर १.८२. म्हणजे प्रचरण केवळ नोंदींच्या मांडणीने बदलते, त्यात स्मृतीचा काही हात नाही. म्हणून प्रत्येक सहगुणकाला त्याच्या अशा प्रचरणाच्या वर्गमुळाने भागतात. नुसत्या व्हाइट नॉइजवर रेषा सपाट आली पाहिजे. ती तशी येते की नाही, हे आपल्या स्वतःच्या तारखा वापरून एकदा तपासून घ्या.

पातळ्या कशा पाडायच्या? इथे तर दोनाच्या पटी नाहीत.

स्केल इथे कोणतेही असू शकते: १.५, २.३, ७.९. म्हणून सहगुणकांना स्केलप्रमाणे लावून कृत्रिम पातळ्या करतात. सर्वांत लहान स्केलचे निम्मे सहगुणक पहिल्या पातळीत, उरलेल्यांतले निम्मे दुसऱ्यात, असे एक. किंवा एखाद्या मूळ लांबीपासून दुप्पट-दुप्पट करत कप्पे पाडायचे, हे दुसरे. मी पहिल्या पद्धतीने सुरुवात करते, कारण प्रत्येक कप्प्यात किती माल आहे ते आधीच कळते. दोन्हींत आडव्या अक्षावर १, २, ३ न लिहिता त्या पातळीतल्या स्केलच्या लॉगची सरासरी लिहायची. इथे हमखास चूक होते.

नोंदी उचलण्याचा क्रम बदलला तर उत्तर बदलते?

थोडे बदलते. म्हणून एकाच क्रमावर विसंबू नका. क्रम यादृच्छिक बदलून पन्नासेक वेळा तीच प्रक्रिया करा, प्रत्येक वेळचा एच घ्या आणि त्यांची सरासरी द्या. मात्र या पन्नास आकड्यांचा विखुरलेपणा म्हणजे एचची अनिश्चितता नव्हे. नोंदी त्याच आहेत. बदलला तो फक्त क्रम.

ऊर्जेचा लॉग घेऊन रेषा काढली की झाले?

दोन दुरुस्त्या लागतात. सरासरीचा लॉग आणि लॉगची सरासरी एक नसतात, त्यामुळे कमी सहगुणक असलेल्या पातळीवर लॉग पद्धतशीरपणे खाली येतो. आठ सहगुणक असतील तर सुमारे ०.१९ ने. तेवढे परत जोडा. आणि वजने लावा. ५१२ सहगुणकांच्या पातळीवर लॉगचे प्रमाण विचलन ०.०९ असते, आठांच्या पातळीवर जवळपास पाऊण. दोन्हींना एकाच तराजूत तोलणे चूक.

किती नोंदी असाव्यात?

सहगुणक सुटे आहेत असे धरून हिशेब करू. हजार नोंदी आणि सहा पातळ्या असतील तर ९५ टक्के पट्टा सुमारे एच ± ०.०५. दोनशे नोंदी आणि चार पातळ्या असतील तर ± ०.१६. त्याच दोनशेतून अल्पस्मृतीने डागाळलेली पहिली पातळी वगळावी लागली, तर ± ०.३. लिफ्टिंगमध्ये सहगुणक पूर्ण सुटे नसतात, म्हणून प्रत्यक्षात पट्टा याहून थोडा रुंद धरा. एच ०.७ ± ०.३ असे आले असेल तर 'दीर्घस्मृती आढळली' असे लिहू नका.

कल, ऋतुचक्र आणि अचानक उडी यांचे काय?

कल व्हॅनिशिंग मोमेंट्स सांभाळतात. ऋतुचक्र आधी काढून टाका, नाहीतर एक वर्षाच्या आसपासच्या पातळीवर ऊर्जेचा उंचवटा येतो आणि रेषा वाकते. उडीचा बंदोबस्त मात्र कोणताही वेव्हलेट करत नाही. सरासरी मध्येच सरकली की मोठ्या पातळ्यांवर ऊर्जा वाढते आणि ती हुबेहूब दीर्घस्मृतीसारखी दिसते. संथ कलामुळेही हर्स्टचा परिणाम दिसू शकतो, हे भट्टाचार्य, गुप्ता आणि वेमायर यांनी १९८३ मध्येच सिद्ध केले होते.

नाईलच्याच श्रेणीत याचा धडा आहे. वेव्हलेटने पाहिले तर सुमारे ७२० सालापर्यंतच्या नोंदींत बारीक पातळ्यांवरचे प्रचरण नंतरच्या काळापेक्षा जास्त आढळते. रोडा बेटावर नवा नायलोमीटर ७१५ साली बांधला गेला. बदल नदीत नव्हे तर मोजण्यात झाला असावा, असे मानायला इथे चांगले कारण आहे. म्हणून एच काढण्याआधी त्या नोंदी कोणी, कुठे, कशाने घेतल्या हे शोधा. उपकरण बदलले असेल तर दोन्ही भागांचा एच वेगवेगळा काढा.

माझ्या नोंदी म्हणजे ठरावीक क्षणाचे मूल्य नसून तुकड्याची सरासरी आहे. फरक पडतो का?

पडतो. बर्फाच्या गाभ्यातला प्रत्येक तुकडा आपल्या वाट्याच्या पूर्ण काळाची सरासरी सांगतो आणि तो काळ खाली जाताना वाढत जातो. त्यात भर म्हणजे, कोवळा बर्फ घट्ट होईपर्यंत समस्थानिके थोडी इकडेतिकडे पसरतात. दोन्हींमुळे बारीक पातळ्यांवरची ऊर्जा निसर्गानेच पुसलेली असते. लिफ्टिंग ती परत आणू शकत नाही. तुकड्याच्या कालावधीपेक्षा बऱ्याच मोठ्या पातळ्यांवरूनच रेषा काढा. शिवाय थरांच्या वयालाही अनिश्चिततेचा पट्टा असतो. त्या पट्ट्यातून वेगवेगळी वये घेऊन एच पुन्हा पुन्हा काढला की वयाच्या चुकीचा वाटा किती ते कळते.

नोंद केव्हा घ्यायची हे मूल्यावरच अवलंबून असेल तर?

पूर आला की दर तासाला पातळी मोजायची आणि ओसरला की आठवड्याने, असे असेल तर अंतरे आणि मूल्ये एकमेकांत गुंतलेली आहेत. ही रीत अंतरे मूल्यांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरते. तिथे जपून. अंतर आणि मूल्य यांचा आलेख काढा. त्यात आकार दिसला तर आधी तो प्रश्न सोडवा.

माझा एच १.३ आला. हे शक्य आहे का?

स्थिर श्रेणीसाठी नाही. चढ १ च्या पुढे गेला की श्रेणी स्थिर नाही असे समजा आणि दुसरे सूत्र घ्या: चढ वजा एक, भागिले दोन. तुमचा चढ १.६ असणार, म्हणजे फ्रॅक्शनल ब्राउनियन गतीच्या (फ्रॅक्शनल गॉसियन नॉइजच्या चालत्या बेरजेच्या) मापात एच ०.३. याचा अर्थ पूर्णपणे वेगळा आहे. या मापातले उत्तर ०.५ च्या खाली आले, तर आधी मोजमापातल्या गोंगाटाचा संशय घ्या. तो बारीक पातळ्या वर उचलतो.

सॉफ्टवेअर कोणते?

आर या भाषेत 'लिफ्टएलआरडी' हे पॅकेज नेमके यासाठी आहे. ते 'अ‍ॅडलिफ्ट' आणि 'एनएलटी' यांच्यावर उभे आहे. तिन्ही मोफत आहेत. एचचा आकडा घेऊन थांबू नका, ऊर्जा आणि स्केल यांचा आलेख नेहमी डोळ्यांनी पाहा. ठिपके रेषेवर नसतील तर आकडा वापरू नका.

आपल्याकडच्या विहिरींच्या पाणीपातळीला हे लावता येईल का?

येईल, आणि लावावे असे मला मनापासून वाटते. केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: आपल्याकडे जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. दोन फेऱ्यांतले अंतर कधी दोन महिने, कधी चार, शिवाय प्रत्यक्ष तारीख पुढेमागे आणि एखादी फेरी चुकलेली. या नोंदी मासिक करण्यासाठी रेषेने भरल्या, तर चार खऱ्या नोंदींमागे आठ बनावट नोंदी येतील, आणि त्याचे काय होते ते वर पाहिलेच.

त्याऐवजी प्रत्येक फेरीची दीर्घकालीन सरासरी त्या-त्या फेरीतून वजा करा, म्हणजे मे मधून मेची, नोव्हेंबरमधून नोव्हेंबरची. ऋतुचक्र गेले. मग खऱ्या तारखा तशाच ठेवून लिफ्टिंग लावा. पन्नास वर्षांच्या नोंदी असल्या तरी हाती येतात जेमतेम दोनशे, म्हणजे एका विहिरीवरून ठाम काही बोलता येणार नाही. एकाच पाणलोटातल्या, एकाच खडकातल्या विहिरी एकत्र घेऊन त्यांचे आलेख एकावर एक ठेवले तर चित्र उमटू लागते. मात्र शेजारच्या विहिरी एकाच पावसावर भरतात, त्यामुळे त्यांना स्वतंत्र पुरावे समजून पट्टा आक्रसून घेऊ नका. आणि परिसरात बोअरवेल केव्हा वाढल्या, पाझर तलाव केव्हा झाला, कालव्याचे पाणी केव्हा आले, हे गावात विचारून श्रेणीशेजारी लिहून ठेवा. उपशाने पातळी एकदा खाली सरकली की ती उडीच असते, आणि आलेखात ती स्मृतीसारखी दिसते.